तिसऱ्या लिपीतला जी

माझ्या लेकीच्या शाळेत पेन मिळवावं लागतं. चौथीत दिवाळीची सुट्टी संपली की ज्या मुलांचं कर्सिव्ह, म्हणजे इंग्रजी वळणाचं अक्षर नीट बसलंय त्यांना टीचर सांगतात, उद्यापासून पेनाने लिहायचं. बाकीच्यांनी पेन्सिल चालू ठेवायची. नोव्हेंबरात अर्ध्या वर्गाला पेन मिळालं. डिसेंबर संपेपर्यंत उरलेल्यांनाही मिळालं. अख्ख्या वर्गात पेन्सिलवाली एकच राहिली, ती माझी पोरगी. कारण फक्त एक अक्षर, कर्सिव्हमधला कॅपिटल ‘जी’.

मी हे रागाने लिहितेय, आधीच सांगून ठेवते. राग जुना झाला की लोक त्याची गोड आठवण करतात. माझ्याकडून ते होणार नाही.

आता हा जी कसा, ते सांगते. चौरेघी वहीत वरची आणि खालची रेघ लाल, मधल्या दोन निळ्या. शाळेच्या पुस्तकातला जी वरच्या लाल रेघेपासून निघतो, पोट फुगवून खालच्या निळ्या रेघेवर टेकतो, तिथून पुन्हा वरच्या निळ्या रेघेपर्यंत चढतो, मग सरळ उतरून शेवटच्या लाल रेघेला शिवतो, डावीकडे वळतो आणि स्वतःलाच ओलांडून उजवीकडे बाहेर पडतो. हे सगळं पेन्सिल न उचलता. माझ्या लेकीचा जी मधल्या चढावरच दमायचा. ती तिथे थांबायची, नकळत पेन्सिल उचलायची, पुन्हा टेकवायची, आणि मग शेपूट भलतीकडेच लोंबायचं. त्याच्याभोवती लाल गोल. गोलाखाली शेरा, नीट नाही, एक पान लिहून आणा. शेरा इंग्रजीत, आणि गंमत म्हणजे सुट्ट्या छापील अक्षरांत. ज्या बाईंना माझ्या पोरीकडून कर्सिव्ह हवं होतं, त्या स्वतः डायरीत एक ओळही कर्सिव्हमध्ये लिहीत नव्हत्या. हे मी पहिल्याच आठवड्यात टिपलं आणि मनात जपून ठेवलं, कधीतरी तोंडावर मारायला.

माझं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेतलं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, शाळा कॉलनीच्या जवळच. आम्हाला इंग्रजी पाचवीत आलं, आणि आलं ते चार लिप्यांत. पहिली लिपी म्हणजे छापील मोठी एबीसीडी, दुसरी छापील लहान, तिसरी वळणाची मोठी, चौथी वळणाची लहान. माझ्या वयाच्या कुठल्याही मराठी शाळेतल्या माणसाला विचारा, तिसरी लिपी म्हटलं की तो अजून कानाला हात लावतो. त्यातले निम्मे आकार कुठल्या अक्षराचे हे सांगितल्याशिवाय कळायचे नाहीत. आमचा जी तर शाळेच्या पुस्तकातल्यापेक्षा निराळाच होता. तो खालून निघायचा, तिरका चढायचा, डोक्यावर एक गाठ मारून उतरायचा आणि पोट भरल्यासारखा रेघेवर बसायचा. खाली शेपूट वगैरे नाही.

मला तो येईना. वर्गाच्या खिडकीच्या कट्ट्यावर वीज केंद्राची राख रोज बारीक थराने येऊन बसायची. मधल्या सुट्टीत मी त्या राखेत बोटाने जी काढायचे, पुसायचे, काढायचे. राखेत बरोबर यायचा आणि वहीत बिघडायचा, कारण वहीपाशी सर उभे असायचे. त्यांच्या हातात लाकडी पट्टी. बोटांच्या पेरांवर, पट्टीच्या धारेने. आठ दिवस खाल्ले मी तिचे फटके. नवव्या दिवशी जी आला, तो आजतागायत गेलेला नाही. माझ्या अक्षराचं आयुष्यभर कौतुक झालं. नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांवर पत्ते मी घालायचे. आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ही पट्टीची गोष्ट मी हसत हसत सांगत आले, लग्नकार्यात, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. सरांनी मारलं म्हणून हात घडला, असं म्हणायचे. ऐकणारे मान डोलवायचे आणि आपापल्या सरांच्या पट्ट्या, छड्या, डस्टर सांगायचे. कुणालाच त्यात वावगं वाटायचं नाही, मलाही नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. पार्ट मोजायचे, कार्डावर माप लिहायचं, सही करायची. कार्डावर वरच छापलंय की कॅपिटल अक्षरांत, सुटं लिहा. कुणी वळणाचं लिहिलं तर सुपरवायझर कार्ड परत पाठवतो, कारण मशिनवरच्या माणसाला ते वाचता येत नाही. बँकेचा फॉर्म घ्या, गॅसचा घ्या, शाळेच्या प्रवेशाचा घ्या. सगळीकडे एकेका चौकोनात एकेक छापील अक्षर. म्हणजे मोठेपणी जे अक्षर तुम्हाला कुणी लिहू देत नाही, त्याच्यासाठी लहानपणी बोटं झिजवायची. हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा. शाळेच्या प्रवेशाचा फॉर्मसुद्धा मी पहिल्या लिपीत भरला होता, तेव्हा कुणी लाल गोल केला नाही.

एवढं सगळं कळत होतं, तर मी शाळेत जाऊन बोलले का नाही, असं कुणी विचारेल. नाही बोलले. शाळेतल्या बाईपुढे मी अजूनही पाचवीतलीच होते. माझ्या पोरीला पेन मिळत नाही याची मला लाज वाटली, आणि ती लाज घेऊन मी शाळेत जायच्याऐवजी पोरीसमोर बसले.

आधी मी तिला माझा जी शिकवला. तो तिला दोन दिवसांत आला, कारण त्यात मधला चढ नाही. मी खूश. तिसऱ्या दिवशी प्रत्येक जीभोवती लाल गोल आणि शेरा, पुस्तकाप्रमाणे नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. लेक मात्र दोन जींच्या मध्ये अडकली. अर्धा माझा, अर्धा शाळेचा, असा काहीतरी तिसराच प्राणी तिच्या वहीत दिसायला लागला.

आमचं घर नाशिक रोडला. शाळेची बस तिला साडेतीनला सोडायची. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन ती दार उघडायची, डब्यातलं काहीतरी खायची आणि अभ्यासाला बसायची. मी सातपूरहून स्कूटीवर निघून द्वारका चौकाच्या गर्दीतून साडेसहाला पोचायचे. तोपर्यंत वही टेबलावर उघडून ठेवलेली. कागद इतका खोडलेला की काही ठिकाणी पलीकडचं पान दिसायचं. दप्तराच्या तळाशी खोडरबराचा काळा भुगा. महिन्याला तीन खोडरबर लागायचे. मी काकूंना सांगायचे, बघा, शाळेत पोरांना किती वेळा खोडायला लावतात. त्याही चुकचुकायच्या.

नवरा म्हणाला, अगं, सोड ना, एका अक्षराने काय बिघडतंय, सहावीत कुणी विचारणार नाही. त्याच्या शिफ्टा फिरत्या, तो वहीजवळ कधी बसला नव्हता. मी त्याला बोलले. तुला काय जातं सोड म्हणायला, वर्गात ती एकटी पेन्सिल घेऊन बसते, तू नाही बसत. तो शिफ्टला निघून गेला. त्याचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर जास्त बोलले.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी तिला चार पानं जी लिहायला बसवलं. शेजारी मी. माझ्या हातात तिची प्लॅस्टिकची पट्टी होती, कुठल्या रेघेवर कुठे वळायचं ते दाखवायला. पहिल्या पानावर मी दाखवत होते. दुसऱ्या पानावर ती पुन्हा त्याच चढावर थांबली, पुन्हा पेन्सिल उचलली, आणि पट्टी तिच्या पेरांवर बसली. धारेने. कशी बसली मला कळलंच नाही असं मी इथे लिहिणार होते, पण कळलं होतं. मला तो कोनसुद्धा ओळखीचा वाटला. ती रडली नाही. ‘सॉरी, मम्मी,’ म्हणाली, आणि पुढचा जी काढायला लागली.

त्यानंतर अजून तीन वेळा बसली. मग नुसती उचलली तरी पुरायला लागलं. मी स्वतःला सांगत होते की माझंही असंच झालं होतं, आणि माझं काय वाईट झालं.

फेब्रुवारीत चाचणी परीक्षा झाली. इंग्रजीचा पेपर सहीसाठी घरी आला. त्यात आपल्या शहरावर दहा ओळी होत्या. लेकीने नाशिकवर लिहिलं होतं. इथे द्राक्षं पिकतात. इथे खूप देवळं आहेत. माझी आई सातपूरला कंपनीत जाते. आमच्या शहरात एक नदी आहे. पावसाळ्यात नदी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत येते. नदीला पूर आला की आम्ही बघायला जातो. टीचरने ‘नदी’ या शब्दाखाली लाल रेघ मारली होती, नाव काय म्हणून विचारलं होतं आणि अर्धा मार्क कापला होता.

मी पोरीवर उखडले. नाशिकला राहतेस आणि नदीचं नाव येत नाही? दर पावसाळ्यात आम्ही तिला पूर दाखवायला नेतो. नदीतल्या त्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं हे ती वडिलांच्या खांद्यावर बसून ओरडून सांगायची, तेव्हा तर तिला नीट बोलताही येत नव्हतं. नाव येत नाही म्हणजे काय?

‘येतं,’ ती म्हणाली.

मग लिहिलं का नाहीस, तर मान खाली. मी पेपर पुन्हा वाचला, आणि मग मला दिसलं. दहा ओळींत एकही कॅपिटल जी नव्हता. लहान लिपीतले होते, द्राक्षांचे ‘ग्रेप्स’ होते ना. मोठा एकही नाही. गोदावरी मोठ्या जीनेच लिहावी लागते, म्हणून तिने गोदावरीच लिहिली नाही.

मी तिच्या वह्या काढल्या आणि डिसेंबरपासूनची सगळी पानं चाळली. आवडत्या सणावर लिहायचं होतं तिथे दिवाळी होती, आणि या पोरीला वर्षभर गणपतीशिवाय दुसरं काही सुचत नाही. आजीवर, म्हणजे ‘ग्रँडमदर’वर निबंध होता, त्याचं शीर्षक बदलून तिने मावशीवर लिहिला होता. दुकानाची पाटी, मैत्रिणीचं नाव, पत्राची सुरुवात, जिथे जिथे तो येणार तिथे तिथे ती वळसा घालून गेली होती. स्वतःहून लिहिलेला एकही नव्हता. फक्त शिक्षेच्या पानांवर होते, शेकड्याने.

शनिवारी ओपन हाउस होतं, पालकांनी टीचरना भेटायचा दिवस. मी कंपनीतून अर्धी रजा टाकली आणि पेपर घेऊन गेले. जाताना रस्ताभर वाक्यं जुळवत होते. टीचर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, सडपातळ, समोर वह्यांचा ढीग. मी बसलेच नाही. पेपर पुढे ठेवला आणि म्हटलं, तुमच्या एका अक्षरापायी नाशिकच्या पोरीने गोदावरी लिहायचं सोडलं. हे शिक्षण आहे का? त्यांनी पेपर बघितला, काहीतरी बोलायला गेल्या. मी बोलू दिलं नाही. डायरीतले शेरे उघडून दाखवले. म्हटलं, तुम्ही स्वतः छापील लिहिता. आता माझ्यासमोर एक जी काढून दाखवा, पुस्तकासारखा, पेन न उचलता.

मागे रांगेत दोन-तीन पालक होते, ते ऐकत होते. टीचरने एक कोरा कागद ओढला आणि जी काढला. खालून निघाला, तिरका चढला, डोक्यावर गाठ मारून उतरला आणि रेघेवर बसला. माझाच जी. तिसऱ्या लिपीतला. हा पुस्तकातला नव्हे हे त्यांच्याही लक्षात आलं, आणि त्यांनी त्यावर पटकन अंगठा ठेवला.

‘ताई, मी झेडपीच्या मराठी शाळेतली आहे,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. एरवी त्या सगळ्या आयांना मॅम म्हणायच्या. ‘सिन्नरकडची. चार लिप्यांवालीच. मी घरी पुस्तक समोर ठेवून सराव करते.’

वह्या तपासायला वरच्या मॅडम येतात, त्यांना चुकीचा जी गोल न करता सुटलेला दिसला की मलाच बोलावून घेतात, असंही त्यांनी सांगितलं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. उलट जास्त चीड आली, की ज्यांना स्वतःला येत नाही त्यांना न येणाऱ्या पोरीला असं सगळ्यांत वेगळं पाडताना काहीच वाटलं नाही. तसं मी बोललेही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या शांतपणे म्हणाल्या, सोमवारपासून तिला पेनाने लिहू दे, जी कसाही येऊ दे, वरच्यांना काय सांगायचं ते मी बघते.

मी जिंकले होते. शाळेच्या पायऱ्या मी अशा उतरले की जणू किल्ला घेऊन आले. स्टेशनरीच्या दुकानात थांबून निळं पेन घेतलं, धरायच्या जागी मऊ रबर असलेलं. दुकानदाराला विनाकारण सांगितलं की लेकीला पेन मिळालंय.

घरी ती जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी पेन पुढे केलं आणि म्हटलं, सोमवारपासून पेन. टीचर हो म्हणाल्या. ती उठून बसली. पेन हातात घेतलं, टोपण काढलं, टोक बघितलं, टोपण लावलं. मग माझ्याकडे परत दिलं.

‘नको, मम्मी. पेन्सिलच बरी.’

मला वाटलं लाजतेय. म्हटलं, अगं, सगळ्यांकडे आहे, तुझ्या एकटीकडेच नव्हतं.

‘पेनाचं खोडता येत नाही.’

मी हसले. नाही आलं तर नाही आलं, काट मारायची आणि पुढे लिहायचं, सगळे तसंच करतात.

‘पण मग तुला दिसेल ना.’ ती कंपासपेटीतल्या खोडरबराकडे बघत होती. ‘तू साडेसहाला येतेस. तोपर्यंत मी चुकलेलं सगळं खोडून परत लिहिते. पेनाचं कसं खोडू?’

टीचरने खोडायला लावलेलं एकही पान त्या वहीत नव्हतं. तीन महिने रोज साडेतीन ते साडेसहा ती एकटी बसून कागदाला भोक पडेपर्यंत खोडत होती. ते महिन्याचे तीन खोडरबर माझ्या स्कूटीचा आवाज येण्याआधी झिजत होते. मी आयुष्यभर हसत सांगितलेल्या त्या गोष्टीचा मला इतका राग आला की त्या क्षणी सर समोर असते तर मी त्यांची पट्टी हिसकावून मोडली असती. पण सर कुठे होते तिथे? तिथे मीच होते.

मी काही बोलू शकले नाही. माझं गप्प राहणं तिला ओळखीचं होतं, आणि तिने त्याचा नेहमीचाच अर्थ घेतला. ‘लिहिते, लिहिते,’ म्हणाली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि चौरेघी वही ओढली. मी नको म्हणेपर्यंत तिने सुरुवातही केली होती. वरच्या लाल रेघेपासून निघाली, पोट फुगवून टेकली, मधला चढ न थांबता चढली, सरळ उतरली, डावीकडे वळली आणि बाहेर पडली. पेन एकदाही उचललं नाही. पुढे बाकीची गोदावरीही लिहिली.

जी अगदी पुस्तकातल्यासारखा आला होता. तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत बसली.